कपड्यावर तिरंगा लावणार असाल तर आदल्या दिवशीच एवढं बघून ठेवा

१५ ऑगस्ट जवळ आला की छातीवर तिरंगा लावायची हौस सगळ्यांनाच असते, मलाही आहे आणि असायलाच पाहिजे. पण आपलं सगळं लक्ष विकत घेण्यावर आणि लावण्यावर असतं, दुपारी घरी आल्यावर तो काढून कुठे ठेवायचा हे कोणी ठरवतच नाही आणि घोळ तिथेच होतो. म्हणून मी तयारी शेवटाकडून सुरू करते. आधी झाकण असलेली एक छोटी डबी रिकामी करा आणि दाराजवळ ठेवा, घरात आलं की आधी बिल्ला डबीत आणि मग बाकीचं काय ते. घरात जितकी माणसं तितके बिल्ले, मोजून बाहेर न्यायचे आणि मोजून आत घ्यायचे. शर्टाला तसाच राहिला की तो कपड्यांच्या ढिगात जातो, तिथून मशीनमध्ये, आणि मग वाकडी पिन आणि रंग उडालेला पत्रा हातात येतो.

आता काय लावायचं ते. यासाठी दोन गोष्टी माहीत हव्यात, १९७१ चा राष्ट्र प्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम आणि २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेली भारतीय ध्वजसंहिता. २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून पोशाखात, गणवेशात झेंडा चालतो पण कमरेच्या वर, खाली अजिबात नाही. आणि त्याच कायद्यात असंही आहे की उशा, रुमाल, नॅपकिन, आतले कपडे किंवा ड्रेस मटेरियल यांच्यावर झेंडा छापायचा नाही, भरतकामही करायचं नाही. शिवाय झेंडा म्हणजे फक्त खांबावरचा नव्हे, त्याचं चित्र, फोटो, अगदी त्याचा एखादा भाग दाखवलेला असला तरी तो कायद्याच्या दृष्टीने झेंडाच. मुद्दाम अपमान केला असं ठरलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हे घाबरवायला सांगत नाहीये, पण यामुळेच छापील झेंड्याचे टीशर्ट मी घेत नाही. तो टीशर्ट घामाने भिजतो, पिळला जातो, दोन वर्षांनी त्याचं फडकं होतं, आणि तेव्हा त्यावरच्या चक्राचं काय करायचं? त्यापेक्षा बिल्ला बरा, तो काढता येतो, जपून ठेवता येतो.

रंगांची हौस असेल तर केशरी कुर्ता, पांढरी सलवार, हिरवी ओढणी असं खुशाल घाला, ते नुसते रंग झाले. चक्रासकट अख्खा झेंडा छापलेली ओढणी मात्र नको, ती गुडघ्यापर्यंत लोंबते. मनगटावरच्या तिरंगी पट्ट्याबद्दल मला नेहमी विचारतात, माझं मत असं की राष्ट्रगीताला सावधान उभं राहिलं की हात सरळ खाली येतो आणि मनगट कमरेच्या खाली जातं, म्हणून मी तो पट्टा टाळते.

बिल्ला घेताना घाई करू नका, हातात घेऊन नीट बघा. संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला हा झेंडा स्वीकारला. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२, चक्र गडद निळं आणि त्याला २४ आरे. स्वस्तातल्या बिल्ल्यांवर चक्र काळं असतं, किंवा आरे एकमेकांत मिसळून नुसता निळा ठिपका झालेला असतो, कधीकधी केशरीच्या जागी सरळ लाल. असं दिसलं की परत ठेवायचा. झेंड्याच्या पट्ट्यांवर नाव, घोषणा, कंपनीचा लोगो असलं काही असेल तरी नको, झेंड्यावर काही लिहिणं कायद्यालाच मान्य नाही. मागची बाजूही बघा. एकच पिन असेल तर बिल्ला चालताना हळूहळू फिरतो आणि तासाभरात तिरका, कधी चक्क उलटा होतो. दोन पिनांचा किंवा लोहचुंबकाचा घ्या, तो जागचा हलत नाही.

लावताना आरशासमोरच उभं राहा. मान खाली घालून लावलं की फसगत होते, कारण वरून बघताना आपल्याला झेंडा उलटा दिसतो, मग आपण तो आपल्या डोळ्यांना सरळ दिसेल असा फिरवतो आणि समोरच्याला हिरवा वर, केशरी खाली दिसतो. खूण अशी की केशरी पट्टा हनुवटीच्या बाजूला हवा. डाव्या बाजूला, हृदयापाशी लावायची पद्धत आहे. कापड पातळ असेल तर धातूच्या बिल्ल्याने ते पुढे ओघळतं आणि झेंडा जमिनीकडे तोंड करून लटकतो, अशा वेळी कापडाच्या आतून जाड कापडाचा किंवा फेल्टचा छोटा तुकडा ठेवून पिन त्यातून काढा, बिल्ला ताठ राहतो. शाळेचा, मंडळाचा दुसरा बिल्ला असेल तर तो खाली, तिरंगा वर. आणि पर्सचा पट्टा, ओढणी, जॅकेटची कॉलर यांनी तो झाकला जात नाहीये ना तेही बघून घ्या.

मुलांच्या बाबतीत पिन टोचेल म्हणून गोंदाचे स्टिकर लावतात, ते शाळेत पोचेपर्यंत गळून पडतात आणि पायाखाली येतात. शिवून घेतलेला छोटा फीतवाला बिल्ला बरा पडतो. मुलांना आधीच सांगून ठेवा की पडला तर लगेच उचलायचा, रागवायचं मात्र नाही. पाऊस असतोच त्या दिवसांत, त्यामुळे कागदी झेंडा भिजून केशरी रंग पांढऱ्यात उतरतो, म्हणून रेनकोटच्या आत लावा किंवा पोचल्यावर लावा.

मॅचला किंवा रॅलीला मोठा झेंडा नेणार असाल तर तो खांद्यावरून शालीसारखा पांघरायचा नाही. अंगावर असा पांघरणं कायद्यात बसत नाही, शासकीय आणि सैन्यदलांच्या अंत्यविधीचा अपवाद सोडला तर. शिवाय बसलात की तो खुर्चीखाली जातोच. दोन्ही हातांनी धरा किंवा काठीला लावा आणि बरोबर स्वच्छ कापडी पिशवी ठेवा, नंतर घडी करून ठेवायला.

फाटला, मळला, रंग गेला तर कचऱ्यात नाही. ध्वजसंहितेप्रमाणे तो खाजगीत, मान राखून, अख्खाच्या अख्खा नष्ट करायचा, शक्यतो जाळून. प्लास्टिकचा झेंडा असा धड जाळताही येत नाही आणि लवकर कुजतही नाही, म्हणून तो घ्यायचाच नाही. कागदी झेंड्यांबद्दलही ध्वजसंहितेत स्पष्ट आहे की कार्यक्रम झाल्यावर ते जमिनीवर टाकायचे नाहीत.

सोसायटीत झेंडावंदन असेल तर गेटवर एकाला पिशवी घेऊन उभं करा, चहाच्या आधी, कारण चहा-जिलबी झाली की माणसं पांगतात आणि अर्धे झेंडे खुर्च्यांवर राहतात. तो माणूस कोण हे आजच ठरवून ग्रुपवर नाव टाका, ऐन वेळी कोणी पुढे येत नाही.