टस्कनीच्या पांढऱ्या रस्त्यांवरून सायकलने : सिएनाभोवतीचा २०९ किलोमीटरचा फेरा कसा करावा

इटलीत सायकल चालवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आल्प्सचे घाट येतात. माझं ऐकाल तर पहिल्या वेळी टस्कनीत, सिएना शहराच्या आसपास जा. उत्तरेला किआन्तीचे डोंगर : द्राक्षमळे, ओकची जंगलं, दगडी शेतघरं. दक्षिणेला क्रेते सेनेसी : चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या, माथ्यावर सुरूच्या झाडांची एखादी रांग. या सगळ्यातून पांढऱ्या खडीचे कच्चे रस्ते जातात. तिथे त्यांना ‘स्त्रादे बियांके’ म्हणतात, म्हणजे पांढरे रस्ते.

हे रस्ते अजून कच्चे आहेत, यामागे माणसांची धडपड आहे. गावागावांत डांबर पोहोचत असताना हे रस्ते वाचावेत म्हणून जांकार्लो ब्रोक्की यांनी १९९७ साली गायोले गावात ‘लेरोईका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ सायकलस्वार होते. ही फेरी आता दर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भरते आणि तिथे साधारण १९८७ पूर्वीच्या धाटणीचीच सायकल चालते. त्यातूनच २०९ किलोमीटरचा कायमस्वरूपी मार्ग उभा राहिला. तो पाट्या लावून आखलेला आहे, वर्षभर खुला आहे आणि त्यावर कुठलीही सायकल चालते. निम्म्याहून जास्त भाग कच्चा आहे.

या मार्गाबद्दल एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा : इथे किलोमीटर मोजून बेत करायचा नाही, चढ मोजून करायचा. २०९ किलोमीटरमध्ये साडेतीन हजार मीटरहून जास्त चढण आहे आणि एकही मोठा घाट नाही. सगळी चढण छोट्या, खड्या तुकड्यांमध्ये वाटलेली आहे. सपाटीवर सहज शंभर किलोमीटर मारणारा माणूस इथे साठाला थकतो. म्हणून चार दिवस काढा, शक्य असेल तर पाच.

आधी ऋतू, मग व्हिसा

मध्य एप्रिल ते मध्य जून किंवा सप्टेंबर ते मध्य ऑक्टोबर. वसंतात टेकड्या हिरव्यागार असतात, सप्टेंबरात द्राक्षांची तोडणी चालू असते. जुलै-ऑगस्ट टाळा. क्रेते सेनेसीत सावली जवळपास नाहीच, आणि इटलीतल्या १५ ऑगस्टच्या मोठ्या सुट्टीच्या आसपास खोल्याही मिळत नाहीत. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. भेटीच्या वेळा लवकर भरतात, त्यामुळे तिकिटाआधी तारीख पाहून ठेवा.

सायकल कुठली?

विमानाने स्वतःची सायकल नेणं जमतं, पण पहिल्या वेळी भाड्याने घेतलेली बरी. सिएना, फ्लोरेन्स आणि गायोले परिसरात ग्रॅव्हल सायकली, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी रुंद टायर असलेल्या सायकली, मिळतात. उंची आणि इनसीम (पायाची आतल्या बाजूची लांबी) कळवून आधीच नोंदवा. स्वतःचे पेडल आणि हवं तर सीट सोबत न्या. गुडघे आणि पाठ यांची कुरबुर बहुधा या दोन गोष्टींमुळेच होते.

टायर ४० मिलिमीटरच्या आसपास असावेत, शक्यतो ट्यूबलेस. सत्तर किलोच्या माणसाला साधारण ३० ते ४० पीएसआय हवा पुरते. रस्त्यावरच्या सवयीने टायर दगडासारखे कडक केलेत तर कच्च्या उतारावर सायकल उड्या मारते आणि पकड जाते. गिअर पाहताना सोपी परीक्षा करा : मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात पुढच्या सर्वांत लहान चकतीच्या दातांइतके किंवा जास्त असले पाहिजेत. त्याहून जड गिअर दिला तर बदलून मागा. दुकानदाराने ‘पुरेल’ म्हटलं तरी.

ई-बाईक घ्यायची का, असं अनेक जण विचारतात. जरूर घ्या. पेडलला मदत करणारी मोटर ताशी २५ किलोमीटरच्या वर बंद होते, म्हणजे पाय तर चालवावेच लागतात.

घरी तयारी

पुण्याच्या आसपास राहत असाल तर सिंहगडाचा चढ आणि मुळशीकडच्या पाणंदी, मुरमाचे रस्ते हीच उत्तम शाळा. चढ संपेपर्यंत बसून पेडल मारण्याची सवय करा. कच्च्यावर उभं राहून जोर लावला की मागचं चाक घसरतं. लागोपाठ दोन दिवस चालवण्याचा सराव एका लांबलचक रविवारपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मार्गाचे तुकडे कसे पाडावेत

मूळ मार्ग गायोलेपासून सुरू होतो, पण गायोलेला रेल्वे नाही. तुम्ही सिएनापासून सुरुवात करा. फ्लोरेन्सहून सिएनाला थेट लोकल गाडी येते, साधारण दीड तासात. वर्तुळ कुठूनही पकडलं तरी शेवटी तिथेच येता. फोनमध्ये मार्गाची जीपीएक्स फाईल (नकाशावर मार्ग दाखवणारी फाईल) आणि ऑफलाईन नकाशा ठेवा. वळणावर पाटी दिसली नाही तरी अडत नाही.

पहिला दिवस : सिएनाहून दक्षिणेला मुर्लोमार्गे मोन्ताल्चिनो. सुरुवात सौम्य, शेवट कठीण. मोन्ताल्चिनो ५६४ मीटरवर डोंगराच्या माथ्यावर वसलेलं आहे आणि तिथे पोहोचायला दुसरा सोपा रस्ता नाही. दुपारच्या उन्हात हा चढ नको, म्हणून सकाळी लवकर निघा. संध्याकाळी तटबंदीवरून समोर वाल दोर्चाचं खोरं दिसतं, मागे १,७३८ मीटरचा मोन्ते अमियाता. हे खोरं २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. एक दिवस जादा असेल तर तो इथे खर्च करा.

दुसरा दिवस : तोरेनिएरी, बुओनकोन्वेन्तो आणि मग आशानो. या भागात कॅन्टरबरीहून रोमला जाणारी ‘व्हिया फ्रान्चिजेना’ ही जुनी यात्रावाट तुमच्या वाटेला येऊन मिळते. पाठीवर पिशव्या घेतलेले पदयात्री भेटतील. लांबूनच घंटी वाजवा आणि वेग कमी करा. बुओनकोन्वेन्तो आणि आशानो दोन्ही ठिकाणी रेल्वे स्थानक आहे. पाऊस लागला किंवा गुडघा दुखला तर इथून सिएनाला परतता येतं.

तिसरा दिवस या फेऱ्याचा कळस. आशानो सोडलं की मोन्ते सान्ते मारिएचा साडेअकरा किलोमीटरचा कच्चा तुकडा सुरू होतो. व्यावसायिक सायकलपटूंची ‘स्त्रादे बियांके’ शर्यत २००७ साली सुरू झाली, आणि तिचा निकाल अनेकदा इथेच ठरतो. २०२४ मध्ये स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारने याच भागात, शेवटापासून ८१ किलोमीटर अलीकडे, सगळ्यांना मागे टाकलं आणि एकट्याने शर्यत जिंकली. शर्यत तीनदा जिंकणाऱ्या स्वित्झर्लंडच्या फाबियान कान्चेलाराचं नावही या तुकड्याला दिलेलं आहे. तुम्ही मात्र थांबत थांबत जा. टेकडीच्या कण्यावरून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना माती खचून तयार झालेल्या करड्या दऱ्या आणि मध्येच हिरवी गव्हाची शेतं. इतका उघडा, इतका मोठा प्रदेश मी सायकलवरून दुसरीकडे पाहिलेला नाही. पुढे कास्तेलनुओवो बेरार्देंगा, राद्दा आणि गायोले. हा दिवस सर्वांत लांब आहे. पाच दिवस असतील तर कास्तेलनुओवोला मुक्काम करून त्याचे दोन भाग करा.

चौथा दिवस छोटा : गायोलेहून ब्रोलिओच्या किल्ल्याकडे सुरूच्या झाडांतून जाणारा पांढरा चढ, मग सिएना. ब्रोलिओ ११४१ पासून रिकासोली घराण्याकडे आहे.

कच्च्यावर चालवताना

चाकांनी घासून गुळगुळीत झालेल्या दोन पट्ट्या असतात, त्यातली एक धरा. मधली सुटी खडी टाळा. उतारावर ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत असताना लावा. वळणात पुढचा ब्रेक दाबला तर पडलातच. हात सैल, कोपर वाकलेले, नजर पुढे दूरवर. पन्हळी पत्र्यासारख्या भागावर सीटवरून किंचित उठा.

पावसानंतर क्रेते सेनेसीत जाऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. ओली चिकणमाती टायर आणि फोर्क (चाक धरणारा चिमटा) यांच्यामध्ये भरते आणि चाक फिरेनासं होतं. अशा दिवशी डांबरी रस्त्याने जा किंवा गाडी पकडा.

खाणंपिणं

दुपारी एक ते चारच्या दरम्यान खेड्यातली दुकानं बंद असतात. सकाळीच पाव, फळं, सुकामेवा घेऊन ठेवा. दोन बाटल्या हव्यातच. गावांच्या चौकात नळ असतात, प्रत्येक ठिकाणी भरून घ्या. जेवणाची हॉटेलं रात्री साडेसातच्या आधी सहसा उघडत नाहीत. शाकाहारींना पिची नावाचा जाडसर पास्ता लसूण-टोमॅटोच्या सॉसमध्ये मिळतो. पाव आणि भाज्यांचा रिबोल्लिताही छान, पण तो मांसाच्या पाण्यात केलेला नाही ना ते विचारा. पेकोरिनो या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये साधारणपणे प्राणिज रेनेट (दूध गोठवणारा, जनावराच्या पोटातून काढलेला पदार्थ) असतं. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यामुळे घाम गाळल्यावर मीठ दुसरीकडून घ्या.

काळजी

आणीबाणीचा क्रमांक ११२. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून गावाबाहेर आणि बोगद्यांत परावर्तक जॅकेट कायद्याने सक्तीचं आहे. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला. मेंढ्यांच्या कळपाजवळ पांढरे मोठे राखणदार कुत्रे असतात. उतरून सायकल मध्ये धरून चालत जा, पळू नका. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेर शिकारीचा हंगाम असतो. मंगळवारी आणि शुक्रवारी देशभर शिकारीला बंदी असते, म्हणून जंगलातून जाणारा टप्पा शक्यतो त्या दिवशी ठेवा आणि भडक रंगाचे कपडे घाला.

परतीच्या दिवशी सिएनात शिरताना शर्यतीचा शेवटचा चढ, व्हिया सान्ता कातेरिना, घ्यायचा मोह होईल. तो १६ टक्क्यांपर्यंत उभा आहे आणि फरशी ओली असेल तर टायर घसरतो. कोरडा दिवस असेल तर जरूर चढा, नाहीतर चालत जा. स्थानक शहराच्या खाली आहे. सायकलचं चिन्ह असलेली लोकल गाडीच निवडा, सायकलचं वेगळं तिकीट काढा आणि कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या.