कॉन्फरन्सच्या हंगामाची खतावणी कशी ठेवावी

मी हिशेबनीस. नोकरी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात. इथल्या ऑफिसात टिकायचं तर कॉलेज बास्केटबॉल कळावंच लागतं. एका टेबलावर ड्यूकवाले, दुसऱ्यावर कॅरोलायनावाले आणि खिडकीजवळ बिचारे एनसी स्टेटवाले. तिन्ही इथली विद्यापीठं: कॅरोलायना म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना आणि एनसी स्टेट म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट. खेळ समजायला मला वेळ लागला, पण निकालांचे तक्ते पाहिले आणि वाटलं, अरे, हे तर आपलंच काम! तेव्हापासून दर हंगामाला एक दोनशेपानी वही आणि एक पेन्सिल. पेन्सिलच का, ते पुढे येईलच.

कॉन्फरन्स म्हणजे दर हंगामाला आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. नवखा माणूस विचारतो, ‘यंदा कॉन्फरन्समध्ये पहिलं कोण आलं?’ एका प्रश्नाची इथे तीन उत्तरं असतात. साखळी सामन्यांत पहिलं कोण, मार्चमधली कॉन्फरन्सची बाद स्पर्धा कोणी जिंकली आणि त्यानंतर एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत कोण कुठवर पोचलं. ही तीन वेगळी खाती आहेत. एकातली रक्कम दुसऱ्यात टाकली की सगळा घोळ. उदाहरणाला आमची एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) घेते, पुरुषांचा २०२३-२४ चा हंगाम. तेव्हा एसीसीत १५ संघ होते.

पानाच्या डावीकडे संघांची नावं लिहा आणि पुढे रकाने आखा. पहिला रकाना फक्त कॉन्फरन्समधल्या साखळी सामन्यांच्या जय-पराजयाचा. दुसरा एकूण जय-पराजयाचा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्या संघांशी होणारे सामने दुसऱ्यात धरायचे, पहिल्यात नाही. कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेतले सामनेही तसेच: समोर कॉन्फरन्समधलाच संघ असला तरी ते एकूण आकड्यातच जातात. माझी पहिल्या वर्षाची वही इथेच बिघडली होती. मार्च उजाडला तरी मी पहिला रकाना वाढवतच होते.

ताळा करायला सोपा आहे. १५ संघ, प्रत्येकाचे कॉन्फरन्समध्ये २० सामने, म्हणजे ३०० नोंदी. एका सामन्याची नोंद दोन संघांच्या नावावर पडते, तेव्हा सामने झाले १५०. पहिल्या रकान्यातल्या विजयांची बेरीज १५० आणि पराजयांचीही १५० आली पाहिजे. १४९ आली तर मागे जाऊन शोधा, कुठेतरी एक सामना सुटलाय.

मग क्रम लावायचा. त्या वर्षी कॅरोलायना १७-३, ड्यूक १५-५, व्हर्जिनिया १३-७, पिट्सबर्ग १२-८. त्याखाली वेक फॉरेस्ट, क्लेमसन आणि सिरॅक्यूज तिघेही ११-९. अशा बरोबरीत आधी त्यांचे आपसातले निकाल बघतात. तेवढ्यावर भागलं नाही तर तक्त्यातल्या सर्वांत वरच्या संघाविरुद्ध कोणाचं काय झालं ते बघतात आणि मग एकेक पायरी खाली उतरतात. ही कटकट वाटेल, पण टाळू नका. या क्रमावरूनच बाद स्पर्धेचं मानांकन ठरतं. पहिल्या चौघांना पहिल्या दोन फेऱ्या पुढे चाल मिळत होती. तळाच्या संघाला करंडक हवा तर पाच दिवसांत पाच सामने.

आता माझी चूक. एनसी स्टेटने साखळी संपवली तेव्हा कॉन्फरन्समध्ये ९-११ आणि एकूण १७-१४. शेवटचे चार सामने सलग हरलेले, मानांकन दहावं. मी त्यांच्या ओळीखाली शाईने ठसठशीत रेघ मारली. वर खिडकीजवळच्या सहकाऱ्याला सांगितलं, ‘तुमचं खातं बंद केलं हं मी.’ तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारपर्यंत त्या रेघेखाली जागा करत मी काय लिहिलं ते असं:

मंगळवार, लुइव्हिल, ९४-८५. बुधवार, सिरॅक्यूज, ८३-६५. गुरुवार, ड्यूक, ७४-६९. शुक्रवार, व्हर्जिनिया, ७३-६५, जादा वेळ. शनिवार, कॅरोलायना, ८४-७६.

शुक्रवारच्या नोंदीत ‘जादा वेळ’ हे दोन शब्द आवर्जून लिहावेत. नुसते ७३-६५ वाचून आठ गुणांचा निवांत विजय वाटतो. प्रत्यक्षात स्टेट तीन गुणांनी मागे होतं, घड्याळ संपत आलेलं, आणि मायकल ओ’कॉनेलचा तीन गुणांचा शॉट बोर्डावर आपटून बजरसोबत आत गेला. तो गेला नसता तर माझी रेघ बरोबर ठरली असती. सोमवारी कोणीतरी माझ्या टेबलावर खोडरबर ठेवला होता.

करंडकाचा खरा अर्थ राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश. २०२४ मध्ये एनसीएएच्या स्पर्धेत ६८ संघ होते. त्या वर्षी ३२ कॉन्फरन्सचे ३२ विजेते थेट आत गेले आणि उरलेल्या ३६ जागा निवड समितीने भरल्या. म्हणून तिसऱ्या रकान्यात बाद स्पर्धेतला प्रवास लिहा आणि विजेत्यासमोर चांदणी काढा. चौथ्यात ‘निवड’ किंवा ‘नाही’. इथे एसीसीच्या पानावर गंमत दिसते: दहाव्या क्रमांकाचा एनसी स्टेट आत आणि चौथ्या क्रमांकाचा पिट्सबर्ग, एकूण २२ विजय मिळवूनही, बाहेर. पिट्सबर्गने मग एनआयटीही नाकारली. एनआयटी म्हणजे १९३८ पासूनची जुनी स्पर्धा. आता उरलेल्यांची मानली जाते, पण तिच्यासाठी छोटासा रकाना ठेवा.

समिती काय बघते? पुष्कळ गोष्टी; त्यातली एक ‘नेट’ क्रमवारी, २०१८-१९ च्या हंगामापासूनची. नाव ऐकून मी आधी क्रिकेटमधला नेट रनरेट समजले होते. तसं नाही. प्रतिस्पर्धी किती तगडा आणि सामना कुठे झाला याला इथे मोल. पहिल्या दर्जाचा सामना म्हणजे घरच्या मैदानावर पहिल्या ३० मधल्या संघाशी, त्रयस्थ ठिकाणी पहिल्या ५० मधल्याशी किंवा परक्या मैदानावर पहिल्या ७५ मधल्याशी. तेव्हा निकालापुढे घर, परका, त्रयस्थ यांची एकेक खूण घालत चला. नंतर घालू म्हटलं की राहतंच, हा अनुभव.

पाचवा रकाना राष्ट्रीय स्पर्धेचा. २०२४ मध्ये एसीसीचे पाच संघ गेले. कॅरोलायना २-१, ड्यूक ३-१, क्लेमसन ३-१, एनसी स्टेट ४-१, व्हर्जिनिया ०-१. बेरीज १२-५. स्टेटने ड्यूकला ७६-६४ असं हरवलं, तो सामना दोन्ही बाजूंना मोजायचा: एक विजय, एक पराजय. लोक तो एकदाच धरतात आणि मग आकडे जुळत नाहीत. शेवटी स्टेटची ओळ तपासा: १७-१४, त्यात बाद स्पर्धेचे ५-०, राष्ट्रीय स्पर्धेचे ४-१. एकूण २६-१५. अंतिम चारमध्ये पर्ड्यूने त्यांना ६३-५० ने थांबवलं.

याच रकान्यात पैसेही दडलेले असतात, आणि हा भाग माझ्या आवडीचा. २०२४ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत अंतिम सामना सोडून संघ जेवढे सामने खेळेल तेवढी ‘युनिट’, म्हणजे कमाईतले वाटे, त्याच्या कॉन्फरन्सला मिळत होती. एका युनिटचे तेव्हा साधारण २० लाख डॉलर, सहा वर्षांत विभागून. म्हणजे १२ आणि ५ मिळून १७ युनिट, सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर. पैसे कॉन्फरन्सकडे जातात आणि ती आपल्या नियमांनी वाटते. त्यामुळे स्टेट जिंकत असताना कट्टर कॅरोलायनावाल्यांचे कुलगुरूही मनातल्या मनात टाळ्या वाजवत असतील, असा माझा संशय आहे.

छोट्या कॉन्फरन्सचं पान लवकर भरतं, कारण बहुतेकदा एकच संघ पुढे जातो. तिथे सगळा जीव बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात. २०१८ मध्ये अमेरिका ईस्टची साखळी व्हरमाँटने १५-१ अशी मारली, पण अंतिम सामना यूएमबीसीने ६५-६२ जिंकला आणि जागा त्यांना गेली. त्यांनी मग सोळाव्या मानांकनावरून पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं.

मोठ्यांत उलटं टोक म्हणजे २०२५ ची एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स): १६ पैकी १४ संघ राष्ट्रीय स्पर्धेत, हा विक्रम. त्यातलं टेक्सास कॉन्फरन्समध्ये ६-१२ होतं. नुसता पहिला रकाना बघणारा इथे चक्रावतो. दुसराही वाचला की उलगडतं: एसईसीवाल्यांनी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाहेरच्यांना इतकं बदडलं होतं की पुढे आपसात हरणंही तगड्या संघाकडून हरणं ठरलं. मात्र किती संघ गेले यावरून कॉन्फरन्सचं मोठेपण मोजू नका. २०११ मध्ये बिग ईस्टचे ११ गेले आणि शेवटच्या १६ मध्ये दोनच उरले, मार्केट आणि कनेक्टिकट. पण त्या दोनांतलं कनेक्टिकट, कॉन्फरन्समध्ये ९-९, पाच दिवसांत पाच सामने जिंकून आलेलं, थेट राष्ट्रीय विजेतं झालं.

पेन्सिलीचं आणखी एक कारण. निकाल वर्षांनंतरही बदलतो. लुइव्हिलचं २०१३ चं विजेतेपद एनसीएएने २०१८ मध्ये रद्द केलं. अशा वेळी ओळ खोडू नका. मूळ आकडे राहू द्या, भोवती कंस घाला आणि समासात ‘रद्द’ आणि वर्ष लिहा. सामना झाला होता, गुणही लागले होते. फक्त ते आता त्यांच्या खात्यावर नाहीत.