नागपुरात राहून पाळकीय सेवेची तयारी कशी करायची

बारावीचा रिझल्ट लागला किंवा ग्रॅज्युएशन संपलं की चर्चच्या युथ ग्रुपमधली एखाद-दोन पोरं-पोरी येऊन विचारतातच, दादा मला सेवेत यायचंय, कोणत्या बायबल कॉलेजचा फॉर्म भरू? मी दरवेळी सांगतो, फॉर्म आत्ताच नको भरू बावा, आधी एक वर्ष आपल्याच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) मागे फिर. काहींना वाटतं हा टाळून राहिला. तसं नाही. कॉलेजात ग्रीक शिकवतील, मंडळीचा इतिहास शिकवतील, पण मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, वॉर्डात रात्री अकराला कोणाच्या उशाशी काय बोलायचं आणि काय अजिबात बोलायचं नाही हे कोणाच्या तरी बाजूला उभं राहूनच शिकता येतं, आणि ज्याने ते आधी बघितलंय त्याला कॉलेजातला अभ्यासही जास्त लागू पडतो कारण त्याच्याकडे स्वतःचे प्रश्न असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, नागपूरच्या आणि आसपासच्या, म्हणजे वर्धा, भंडारा, काटोल, चंद्रपूरकडच्या पोरांसाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठी पण.

पहिलं काम म्हणजे पाळकांची वेळ घेऊन त्यांच्याशी बसून बोलणं. रविवारी उपासना सुटल्यावर दारातल्या गर्दीत नको, मधल्या वारी घरी जा. पाचारण, म्हणजे देव सेवेला बोलावतोय असं, कधीपासून जाणवतंय, घरी माहीत आहे का, नोकरीचं काय, सगळं सरळ सांगा. चांगला पाळक लगेच पाठ थोपटणार नाही, दोन-चार अवघड प्रश्न विचारेल, आणि विचारलेच पाहिजेत. व्यवहार म्हणूनही हे लागतंच. सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) साधारणपणे तुमचं नाव मंडळीच्या पास्टोरेट कमिटीकडून डायोसिसकडे, म्हणजे बिशपांच्या विभागाकडे, जातं, तिथे मुलाखत होते, बिशपांची संमती लागते, मग उमेदवार म्हणून कॉलेजात पाठवतात. मेथॉडिस्टांची कॉन्फरन्सची पद्धत वेगळी, स्वतंत्र मंडळ्यांमध्ये सगळं त्या मंडळीच्या वडिलांवर, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांवर. स्वतःच्या मनाने डिग्री घेऊन आलेल्याला नंतर डायोसिसने घेतलंच पाहिजे असं काही नसतं, आणि हे कळेपर्यंत तीन-चार वर्षं आणि घरचे पैसे दोन्ही गेलेले असतात.

आता त्या एका वर्षात करायचं काय. संडे स्कूलचा एक वर्ग घ्या, लहान मुलांना गोष्ट सांगता आली की मोठ्यांसमोर अर्धी भीती जाते. घरसभेला, म्हणजे कोणाच्या घरी होणाऱ्या प्रार्थनेला, जा, खुर्च्या लावण्यापासून सुरुवात करा. पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवते ती भेट, त्यातही दवाखान्यातली. मेडिकल असो, मेयो असो की मुरे मेमोरियल, पाळकांसोबत जा आणि आधी नुसतं बघा. ते आत शिरण्याआधी सिस्टरला विचारतात, हात धुतात, पलंगावर बसत नाहीत, स्टूल ओढून पेशंटच्या नजरेसमोर बसतात म्हणजे त्याला मान वळवावी लागत नाही. रिपोर्ट काय आला, डॉक्टर काय म्हणाले याची चौकशी करत नाहीत, माणूस स्वतः सांगेल तेवढं ऐकतात. प्रार्थना करू का असं विचारतात. १२१ वं स्तोत्र किंवा २३ वं, हळू आवाजात, कारण शेजारच्या बेडवरचाही आजारीच आहे आणि तो आपल्या मंडळीतला नाही. मग छोटी प्रार्थना, आणि उठतात. बाहेर आल्यावर पेशंटच्या बायकोला विचारतात, डब्याची सोय काय, रात्री कोण थांबतंय. ही बाहेरची दोन मिनिटं नीट बघा, तिथे अर्धी सेवा होते.

आणि काय बोलायचं नाही तेही पक्कं करून घ्या. तुमचा विश्वास कमी पडला म्हणून असं झालं, हे कधीही कोणालाही म्हणायचं नाही. औषध बंद करा असं तर अजिबातच नाही. बरं वाटेलच अशी हमी द्यायची नाही, कारण ते आपल्या हातात नाही. तसंच कोणाचा आजार त्याला न विचारता मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थनेचा विषय म्हणून टाकायचा नाही. यावरून माणसं मंडळी सोडून गेलेली मी बघितलीत, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाळकाला माणसं ज्या गोष्टी सांगतात त्या बायकोलासुद्धा सांगायच्या नसतात, ही सवय आत्तापासूनच लावा.

दफनविधीलाही जा. जरीपटक्याच्या कब्रस्तानात मे महिन्याच्या दुपारी ४५ डिग्रीत विधी चालू असतो, म्हातारी माणसं उन्हात उभी असतात, तिथे पाळक संदेश किती लांबवतो हे बघण्यासारखं असतं. पाण्याची व्यवस्था तुमच्याकडे घ्या. आणि आठ-पंधरा दिवसांनी त्या घरी परत जा, कारण तोपर्यंत पाहुणे गेलेले असतात आणि घर रिकामं झालेलं असतं.

संदेशाची तयारी कशी करायची ते एका उदाहरणाने सांगतो. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती माणूस घ्या, ज्याला चौघांनी छपरातून खाली सोडलं. पहिल्या दिवशी काही लिहू नका, उतारा मोठ्याने वाचा, परत वाचा, परत वाचा. मग कागदावर फक्त कोण कोण आहे ते लिहा. दारापर्यंत गर्दी आहे, चौघं आहेत, आजारी माणूस आहे, शास्त्री बसलेत, येशू आहे, आणि ज्याचं छप्पर उकरलं तो घरमालक पण आहे ज्याचा आपण विचारच करत नाही. दुसऱ्या दिवशी बघा कोण बोलतो आणि कोण गप्प आहे. त्या आजारी माणसाचा पूर्ण उताऱ्यात एक शब्द नाही. चौघंही गप्पच. आणि तरी लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास बघितला, त्यांचा, अनेकवचनी. झालं, संदेश सापडला. आता एका वाक्यात लिहा, ज्याला स्वतःला चालत येता येत नाही त्याच्यासाठी दुसऱ्यांचा विश्वास कामी येतो. एवढं वाक्य जमल्याशिवाय पुढे लिहू नका. मग आपल्या मंडळीत खाट उचलणारे चौघं कोण, आणि गर्दी करून दार अडवणारे कोण, हे नावं न घेता विचारा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत बसा.

हे यूट्यूबवर कोणाचं तरी इंग्लिश ऐकून मराठीत ओतलं की लगेच कळतं, वाक्यंच उभी राहत नाहीत. आपल्या नागपुरात माणूस घरी मराठी, बाजारात हिंदी, शाळेत इंग्लिश असं बोलून राहिला असतो, मंडळीतही हिंदी उपासना वेगळी मराठी वेगळी, त्यामुळे एका भाषेवर तरी पक्की पकड करा आणि दुसरीत निदान प्रार्थना करता आली पाहिजे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये स्कॉटलंडहून इथे आला, ज्याच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे, त्याने नुसती शाळा काढली नाही, गोंड लोकांची भाषा, त्यांची गाणी, कथा बसून लिहून घेतल्या, आणि ते कागद तो १८६३ मध्ये बुडून गेल्यावर छापले गेले. परका माणूस एवढं करू शकतो तर आपल्याला आपली मराठी नीट का येऊ नये. कवी ना. वा. टिळकही बाप्तिस्म्याआधी काही काळ नागपुरात होते, १८९५ मध्ये त्यांचा मुंबईला बाप्तिस्मा झाला, आणि अभंगाच्या चालीत लिहिलेली त्यांची भजनं अजून मराठी उपासनेत गातात. ती पाठ करा. पेटी येत असेल तर उत्तम, नसेल तर निदान टाळ धरून ताल सांभाळता आला पाहिजे, खेड्यातल्या मंडळीत पाळकालाच गाणं सुरू करावं लागतं.

आपल्याच गावची आणखी एक गोष्ट सेवेत येणाऱ्याला माहीत पाहिजे. २९ नोव्हेंबर १९७० ला सीएनआयची स्थापना इथेच झाली, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, सहा वेगवेगळी चर्च एकत्र येऊन. अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून झालेलं युनायटेड चर्च होतं, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. म्हणून सीएनआयमध्ये बाळाचाही बाप्तिस्मा होतो आणि मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करून घेतलेलाही चालतो. हे पाठ करायला सांगत नाहीये. मंडळीत एक आजी म्हणतात आमच्याकडे असं नव्हतं आणि एक काका म्हणतात आमच्याकडे असंच होतं, तेव्हा दोघंही खरं बोलत असतात, आणि हा इतिहास माहीत असलेला पाळक दोघांनाही न दुखावता समजावू शकतो. ज्याला माहीत नाही तो भांडण लावून बसतो.

आता कॉलेजचं. प्रोटेस्टंट बाजूला बऱ्याच मोठ्या कॉलेजांच्या डिग्र्या बंगालमधल्या सिरामपूर कॉलेजच्या सिनेटच्या, म्हणजे डिग्री देणाऱ्या मंडळाच्या, असतात. सिरामपूर कॉलेज १८१८ चं, विल्यम कॅरी आणि त्याच्या सोबत्यांचं, आणि डिग्री द्यायचा हक्क त्याला १८२७ च्या डॅनिश सनदेने मिळालेला. बी.टीएच. बारावीनंतर, बी.डी. साधारणपणे ग्रॅज्युएट लोकांसाठी. आपल्याला जवळ म्हणजे जबलपूरचं लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेज, आणि पुण्याचं युनियन बिब्लिकल सेमिनरी, जे मुळात आपल्या विदर्भातलं, यवतमाळचं, १९८३ मध्ये पुण्याला गेलं. काही कॉलेजं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेली आहेत. कोणती मान्यता चांगली यावर पोरं तासन्‌तास वाद घालतात, पण खरा प्रश्न एवढाच की तुमचं चर्च कोणती डिग्री दीक्षेसाठी, म्हणजे पाळक म्हणून नेमण्यासाठी, धरतं. ते चर्चलाच विचारा, लेखी विचारा. कॉलेजला चार गोष्टी विचारा: शिकवणं कोणत्या भाषेत, मंडळीतलं प्रत्यक्ष काम किती आणि त्यावर लक्ष कोण ठेवतं, लग्न झालेल्यांना राहायची सोय आहे का, आणि फीमध्ये मेस धरलीय का. सहा महिन्यांत डॉक्टरेट देणारे कोणी भेटले तर नमस्कार करून निघा.

नोकरी सोडता येत नाही अशांनी निराश होऊ नका. सिनेटचाच बाहेरून अभ्यासाचा मार्ग आहे, डिप्लोमा इन ख्रिश्चन स्टडीज आणि पुढे बॅचलर. शिवाय घरबसल्या ईशज्ञान शिकवणारी बंगळुरूची टॅफ्टी ही संस्था १९७१ पासून आहे, घरी पुस्तक वाचायचं आणि ठरल्या दिवशी ग्रुपमध्ये ट्यूटरसोबत चर्चा करायची. मंडळीतले वडील, संडे स्कूल टीचर, घरसभा चालवणारे यांनी तर हे करायलाच पाहिजे असं मला वाटतं, पूर्णवेळ पाळक व्हायचं नसलं तरी.

कॅथलिक मुलांची वाट वेगळी. पॅरिशच्या फादरांना भेटायचं, मग डायोसिसच्या किंवा संस्थेच्या व्होकेशन (पाचारण) बघणाऱ्या फादरांशी बोलणं होतं. आपल्याकडे सेमिनरी हिल्सवर सेंट चार्ल्स सेमिनरी आहे. चर्चच्या कायद्याप्रमाणे तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा वर्षं अभ्यास आणि धर्मगुरू व्हायला वय किमान २५, त्यामुळे घाई चालतच नाही.

मुलींनो, तुम्ही पण. सीएनआयमध्ये बायकांना प्रेस्बिटर, म्हणजे दीक्षा घेतलेला पाळक, होता येतं. महिला मंडळ चालवतेसच की, ते पुरे, असं कोणी म्हणालं तर शांतपणे कमिटीला लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं की विषय हरवतो.

पुढारपण म्हणजे हिशोब आणि कायदा पण, आणि हा भाग आपल्याकडे फार कच्चा आहे. अर्पण मोजताना नेहमी दोन माणसं, दोघांची रजिस्टरवर सही, सोमवारी बँकेत. पाळकाने पैसे हातातही घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळीचा ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट जातो, दरवर्षी ऑडिट होतं, एकदा सेक्रेटरीजवळ बसून ती फाईल बघा. परदेशातून एक रुपया जरी आला तरी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याची परवानगी, लागतं. लग्न लावण्यासाठी १८७२ चा ख्रिश्चन मॅरेज अ‍ॅक्ट वाचा, स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला सरकारी लायसन्सशिवाय लग्न लावता येत नाही, आणि साधारणपणे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ मध्येच लावायचं असतं. मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारापासून मुलांच्या संरक्षणाचा कायदा, २०१२ चा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, मंडळीची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवणं हा गुन्हा आहे आणि त्या लेकरावर दुसरा अन्याय. संडे स्कूलमध्ये एक मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा नको, हा नियम पहिल्या दिवसापासून.

घरच्यांशी पैशाचं मोकळेपणी बोला. पाळकाचा पगार कमी असतो, बदल्या होतात, मुलांच्या शाळा बदलतात. लग्न ठरत असेल तर समोरच्या घरी हे आधी सांगा, साखरपुड्यानंतर नको.

वर्ष झालं आणि मन तेच म्हणतंय, पाळकही हो म्हणतायत, तर मग फॉर्म. बहुतेक ठिकाणी वर्ग जून-जुलैत सुरू होतात, म्हणून नाताळची धावपळ संपली की जानेवारीतच कागद गोळा करा, बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, मार्कशीट, पाळकांचं पत्र, मेडिकल सर्टिफिकेट. साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो ते, लिहायला सांगतात, ती एका पानात लिहा, आणि त्यात मी किती पापी होतो याचं वर्णन चार ओळींत आटपून बाकीच्या जागेत या वर्षात कोणासोबत काय काम केलं ते लिहा, मुलाखतीत त्यावरूनच प्रश्न विचारतात.