केनियाला जोडीनं निघालात? या चुका टाळा

विमानाचं तिकीट झालं, मसाई मारा अभयारण्यातल्या कॅम्पचे पैसे भरले, नव्या बॅगा घरी आल्या. आणि निघायला आठ दिवस उरले असताना कुणीतरी विचारतं, "पिवळ्या तापाची लस घेतली का?" दर हंगामात हे घडतं. कधी कराड, कधी वाई, कधी तासगाव. गाव बदलतं, चूक तीच. म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

लस शेवटावर ठेवणं

केनिया, युगांडा हे देश पिवळा ताप असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत आहेत. हा रोग आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या गल्लोगल्ली आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा. बाहेरून रोग आत आला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. म्हणून तिकडून परतणाऱ्या प्रत्येकाकडे आपलं सरकार लशीचं कार्ड मागतं. इथंच लोकांची गल्लत होते. केनियाच्या प्रवेश परवान्याच्या अर्जात भारतीयांकडून लस मागितलेली दिसत नाही, म्हणून सगळे निर्धास्त राहतात. कार्ड लागतं ते घरी परतताना, पण निघतानाच विमानतळावर ते तपासलं जाऊ शकतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं.

ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि आपल्या भागातून बहुतेकांना त्यासाठी पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. लशीची कुपी बहुधा अनेक डोसांची असते. एकदा विरघळवली की ती सहा तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. त्यामुळे केंद्रं ठरावीक वारी, नोंदणी केलेल्या लोकांनाच बोलावतात. "उद्या जाऊन घेऊन येऊ" हे इथं चालत नाही. शिवाय कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं.

साताऱ्याच्या एका नव्या जोडप्याचं पाहा. ऑगस्टची सहल, चार महिने आधी ठरवलेली. लशीचा फोन केला निघायच्या दोन आठवडे आधी, आणि वार मिळाला पुढच्या आठवड्यातला. विमानतळावरच्या काउंटरवर कार्डावरची तारीख मोजली तर सहाच दिवस भरले होते. त्यातून मुलीच्या कार्डावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टवर माहेरचं. विमान गेलं. आडनावाची दुरुस्ती करून घेऊन, नवीन तिकिटं काढून दोघं निघाली तेव्हा माराच्या चार रात्रींपैकी तीन गेल्या होत्या. कॅम्पनं पैसे परत दिले नाहीत, कारण ऐन हंगामात रिकामा राहिलेला तंबू त्यांना दुसऱ्याला देता आला नव्हता. चूक कॅम्पची नव्हती.

यावर उपाय साधा आहे: आधी लस, मग तिकीट. जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, त्यामुळे लवकर घेऊन काहीच वाया जात नाही. केंद्रावर जाताना मूळ पासपोर्ट न्या. कार्ड हातात पडल्यावर तिथल्या तिथं नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर अक्षरन् अक्षर ताडून पाहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे, तिकिटावरही. कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, कारण परतल्यावर आरोग्य तपासणीचं टेबल सामानाच्या पट्ट्याआधी येतं.

अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर पाजणं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा साठीच्या पुढचं वय, यांपैकी काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. ही जिवंत लस आहे. निवृत्तीनंतर निघालेल्या काका-काकूंना ती मानवणार नसेल, तर सूट मिळाल्याचा कागद घेऊन धोका पत्करण्यापेक्षा देश बदला. दक्षिण आफ्रिकेतलं क्रुगर किंवा श्रीलंकेतलं 'याला' या राष्ट्रीय उद्यानांतून परतताना हे कार्ड लागत नाही. 'याला'तले बिबटे तर जगात नावाजलेले आहेत.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणं

एप्रिल-मे म्हणजे केनियातला मोठा पाऊस. गवत कमरेएवढं वाढतं, रस्त्यांचा चिखल होतो, गाड्या रुततात. वाइल्डबीस्ट या गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांचे कळप मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात. तेव्हाही नदी ओलांडण्याचं दृश्य दिसेलच असं कुणी छातीठोक सांगत असेल, तर त्याच्याकडून सहल घेऊ नका. कळप काठावर येतो, तासन् तास उभा राहतो आणि मागं फिरतो. दुपारी बारापासून चारपर्यंत गाडीत गप्प बसायची तयारी असेल, त्यांनीच त्याची आशा धरावी. गर्दी नको असेल तर जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मारातले सिंह, हत्ती, बिबटे वर्षभर तिथंच असतात.

पाच दिवसांत तीन जंगलं

अंबोसेली, नाकुरू, मसाई मारा, पाच दिवस. हा आराखडा कागदावर छान दिसतो. नैरोबी ते मारा सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणजे सातारा-मुंबईएवढंच. पण आपला हायवे डोळ्यांसमोर आणू नका. पाच-सहा तास लागतात आणि शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करतो. अशी तीन जंगलं जोडली की सकाळ-संध्याकाळ, म्हणजे जनावरं हिंडतात नेमकी तीच वेळ, रस्त्यावर जाते.

माराचं प्रवेश शुल्क २०२४ पासून परदेशी पाहुण्याला दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर आहे. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. दुपारी तीनला गेटवर पोहोचून आत शिरलात तर हंगामात दोघांचे ४०० डॉलर तीन तासांसाठी गेले. त्यापेक्षा पहिली रात्र सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवशी सहाच्या ठोक्याला आत जा. सात दिवस असतील तर दोन ठिकाणं पुरेत: मारात तीन पूर्ण दिवस, दुसरीकडे दोन.

दुसरं ठिकाण निवडतानाही जुने फोटो पाहून ठरवू नका. नाकुरूचं गुलाबी तळं अजून कॅलेंडरवर छापतात, पण तळ्याचं पाणी वाढल्यापासून रोहित पक्षी तिथं पूर्वीसारखे दाटीनं नसतात. नाकुरूला जायचं ते गेंड्यांसाठी. काळा आणि पांढरा, दोन्ही तिथं आहेत. अंबोसेलीला जायचं ते हत्तींसाठी आणि पहाटेच्या किलिमांजारोसाठी. ५,८९५ मीटरचा तो डोंगर खरा टांझानियात आहे, दिसतो मात्र इकडून छान. नऊ-दहानंतर बहुधा ढगात जातो, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांना तो दिसत नाही.

दोघांत एक दुर्बीण

जोडप्यांची ही चूक सगळ्यात जास्त जिवाला लागते, कारण ती टाळणं इतकं सोपं आहे. कॅमेऱ्यावर लाखभर रुपये घालतात आणि दुर्बीण एकच, तीही कुणाकडून मागून आणलेली.

माणसामाणसाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं, चष्म्याचा नंबर वेगळा. एकानं बसवलेली दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की नळ्या हलवाव्या लागतात, चाक फिरवावं लागतं, उजव्या डोळ्याची कडी जुळवावी लागते. यात अर्धा मिनिट जातो. सांगलीच्या एका जोडप्याला सॉसेज ट्रीच्या फांदीवर बिबट्या मिळाला होता. शेपूट खाली लोंबत होती, तेवढ्यावरून गाइडनं ओळखला. यजमानांनी मनसोक्त पाहिला आणि दुर्बीण बाईंकडे दिली. त्यांना आधी दोन वर्तुळं दिसली, मग धुकं, मग पानं. पानं स्वच्छ दिसायला लागली तेव्हा फांदी रिकामी होती. पुढच्या तीन दिवसांत बिबट्या पुन्हा दिसला नाही.

दोन दुर्बिणी घ्या, दोन्ही ८×४२. यातला ८ म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात पोहोचतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडाला तो पुरतो. "जास्त पट म्हणजे जास्त चांगली" म्हणून २०×५० घेणाऱ्यांच्या डोळ्यात अडीच मिलिमीटर उजेड येतो आणि हाताचा कंप वीसपट मोठा दिसतो. यात बचत करायची असेल तर नव्या कपड्यांत करा.

दुर्बीण बसवायची रीत अशी. नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक करा. चष्मा लावून पाहणार असाल तर डोळ्याजवळचे रबरी कप खाली, नाहीतर वर. पन्नासेक मीटरवरच्या दुकानाच्या पाटीकडे पाहा. उजवं पुढचं भिंग तळहातानं झाका आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. मग डावं भिंग झाका, चाकाला अजिबात हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडी जिथं थांबली तिथं नेलपॉलिशचा ठिपका द्या. यानंतर कायम फक्त मधलं चाक.

आणि सराव घरीच करा. सागरेश्वरच्या अभयारण्यात हरणं आहेत, मायणीच्या तलावावर पक्षी आहेत, कृष्णेच्या घाटावर खंड्या बसलेला असतो. नजर खंड्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. खाली पाहून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो. चार रविवार हे केलं की हाताला वळण लागतं. विमानात खोकं उघडणाऱ्यांचे पहिले दोन दिवस यातच जातात.

"अजून जवळ घ्या ना"

ड्रायव्हरच्या मागं लागून गाडी रस्ता सोडून गवतात घालायला लावणं मसाई मारा रिझर्वमध्ये नियमाबाहेर आहे. दंड होतो, आणि नुकसान जनावराचं होतं. चित्ता दिवसाउजेडी शिकार करतो. गाड्यांचा वेढा पडला की हरणं बिथरतात, तरस गर्दीच्या रोखानं येतात आणि चित्त्याच्या तोंडचा घास जातो. मागं पिल्लं असतील तर तीही उपाशी राहतात.

गाडी थांबवा, इंजिन बंद करायला सांगा आणि वीस मिनिटं बसा. काय पाहायचं ते जनावरंच दाखवतात. सगळे झेब्रे एकाच दिशेला तोंड करून उभे राहिले, चरणं थांबलं, इम्पाला हरणानं नाकातून फुस्स केलं, तर त्या रोखानं गवताच्या कडेवर दुर्बीण फिरवा. काळ्या ठिपक्यासारखी सिंहाच्या कानांची मागची बाजू आधी दिसते. सिंह दिवसातले वीस तास झोपून काढतो. त्याला उठवण्यासाठी टाळ्या, हाका, दारावर थापा असलं काही करू नका. संध्याकाळी पाचला तिथंच परत या.

सामान

नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानानं जाणार असाल तर माणशी १५ किलो, बहुधा हातातल्या बॅगेसकट, आणि बॅग मऊ. चाकांची कडक बॅग तिथं चढवत नाहीत.

केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून अभयारण्यांत एकदाच वापरायचं प्लॅस्टिकही चालत नाही. सांगलीचं भडंग आणि साताऱ्याचे कंदी पेढे जरूर न्या, पण स्टीलच्या डब्यात. आणि गाडीचं छत उघडं असताना डबा उघडू नका. बबून माकड आत हात घालून नेतं.

लष्करी ठिपक्यांचे कपडे तिथं सामान्य माणसाला घालायला बंदी आहे. गडद निळ्या आणि काळ्या रंगाकडे चावणारी त्सेत्से माशी येते, म्हणून खाकी, करडे घ्या. स्वेटर हवाच: मारा महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे आणि पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. ड्रोन घरी ठेवा. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो. डॉलरच्या जुन्या, दुमडलेल्या, शाई लागलेल्या नोटा कुणी घेत नाही. कॅमेरा टेकवायला जुन्या जीनच्या पायाची पिशवी शिवून रिकामी न्या, तांदूळ तिथं भरा.

केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागं आहे. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्यांची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.

मलेरियाच्या गोळ्या मध्येच सोडणं

मारात मलेरिया आहे. गोळी कुठली ते डॉक्टर ठरवतील, पण घरी आल्यावर "आता काय डास नाहीत" म्हणून ती बंद करू नका. अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर परतल्यावर सात दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर चार आठवडे घ्यायची असते, कारण चावलेल्या डासाचे परजीवी तोवर अंगात असू शकतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत दोघांपैकी कुणालाही ताप भरला, तर दवाखान्यात शिरल्यावर पहिलं वाक्य "आम्ही आफ्रिकेत जाऊन आलोय" हे असू द्या आणि त्याच दिवशी रक्त तपासायला द्या.