बौद्धिक अक्षमता आणि अत्याचाराचा आघात : गटोपचारात नव्याने येणाऱ्यांसाठी

मानसशास्त्रात एम. ए. करून नागपुरात या कामाकडे, म्हणजे लैंगिक अत्याचार सोसलेल्या बौद्धिक अक्षम मुलींना गटात एकत्र घेऊन उपचार करण्याकडे वळणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा पात्रतेचा असतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते. गटात मात्र या दोघींची जोडी हवी, कारण एकीला आघात कळतो आणि दुसरीला समोरच्या मुलीचे बोलणे.

नवख्यांना घाई होते ती मुलीला बोलते करण्याची. माझे मत याच्या अगदी उलट आहे. या मुलींना घरी, शाळेत आणि कार्यशाळेत लहानपणापासून सांगितलेले निमूट ऐकायला शिकवलेले असते. आंघोळ घालणे, कपडे बदलणे अशी कामे दुसऱ्याच्या हातून होत आल्यामुळे आपल्या अंगाला कोणी हात लावावा हे ठरवण्याची वेळच अनेकींवर आलेली नसते. अत्याचार करणाऱ्याच्या ही सवय पथ्यावर पडते, आणि मायेने ‘सांग ना’ म्हणणाऱ्या ताईच्याही. म्हणून गटातले पहिले काम ‘नाही’ म्हणण्याचा सराव हे असते, आणि ते ‘नाही’ सर्वांत आधी आम्हालाच ऐकावे लागते.

पाच-सहा जणी, दोन ताई, तीच खोली, तोच वार आणि भिंतीवर चित्रांत मांडलेला सत्राचा क्रम, एवढीच मांडणी पुरते. ‘चहा हवा ना?’ विचारले की ‘हो’ येते आणि ‘चहा नको ना?’ विचारले तरी ‘हो’च येते, त्यामुळे आम्ही चहाचे आणि सरबताचे चित्र समोर ठेवतो आणि थांबतो. प्रत्येकीजवळ ‘थांबा’ म्हणण्यासाठी एक लाल कार्ड असते. एकीने पहिल्यांदा ते समोर ठेवले तेव्हा आम्ही बरीच तयारी करून आणलेला खेळ ऐन मध्यावर होता. तो तिथेच थांबवला. ती कार्डाकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिली. पुढच्या सत्रात तिने ते तीनदा वापरले, त्यातले एकदा निव्वळ गंमत म्हणून, आणि तेही आम्ही पाळले.

पोळ्याच्या सुमारास एका सत्रात कोणीतरी रद्दी कागदांची मारबत, म्हणजे वाईट ते सगळे घेऊन जावे म्हणून मिरवून जाळतात तो पुतळा, करायला घेतली. आमच्या योजनेत ते नव्हते. ती कोणाची, हे आम्ही विचारले नाही. सगळ्याजणींनी मात्र ‘घेऊन जा गे मारबत’ असा गलका केला आणि ज्या मुलीचा आवाज आम्ही फारसा ऐकला नव्हता तिचा त्यात सर्वांत मोठा होता. (नागपूरकरांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.)

कायदा आधी वाचून या. पीडित अठरा वर्षांखालील असेल तर 2012च्या पोक्सो कायद्यानुसार (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा) कळलेली घटना पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे; तेव्हा ‘कोणालाही सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि हे पहिल्याच सत्रात सोप्या शब्दांत सांगावे. या कायद्यासाठी वय म्हणजे जन्मतारखेचे वय, बौद्धिक वय नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. खटला चालू असताना घटनेचे तपशील गटात येऊ देत नाही, कारण एकीचे बोलणे दुसरीच्या सांगण्यात मिसळले की उलटतपासणीत ‘हे शिकवलेले आहे’ म्हणायला वाव मिळतो. जबाबाच्या वेळी विशेष शिक्षकाची मदत मिळण्याची तरतूद आहे, हे पालकांना आवर्जून सांगा.

‘ती आधीपासून अशीच आहे’ हे वाक्य फार ऐकाल. पुन्हा अंथरूण ओले होणे किंवा एका ठरावीक खोलीत जायला नकार देणे हे सगळे अक्षमतेच्या खात्यावर टाकले जाते. लंडनच्या मनोविश्लेषक व्हॅलरी सायनासन यांनी आघातापासून बचाव म्हणून मूळ अक्षमतेवर चढणाऱ्या दुसऱ्या थराचे वर्णन केले आहे. प्रत्यक्ष कामात तो थर ओळखायला वेळ लागतो.

मुलींना आणणाऱ्या बहुधा आयाच असतात, त्यामुळे शेजारच्या खोलीत त्यांचा वेगळा गट चालवावा. नाहीतर हजेरी गळते. मराठीसोबत हिंदीही यायला हवी. नोकरीसाठी मुलाखतीला जाल तेव्हा तुमच्या सत्रांवर दर आठवड्याला अनुभवी व्यक्तीची देखरेख असेल का, हे पगाराच्या आधी विचारा, आणि संस्था ते लेखी देत नसेल तर तिथे गट चालवायचे काम घेऊ नका.