सेकंडहँड डीएसएलआर घ्यायचाय? आधी लेन्समध्ये टॉर्च मारा

जुना कॅमेरा बघायला जाणाऱ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती क्लिक झालेत?" म्हणजे शटर, फोटो काढताना उघडणारा आतला पडदा, किती वेळा उघडलाय. विचारायला हरकत नाही, पण आपल्या दमट हवेत शटर झिजायच्या आत लेन्सला फंगस, म्हणजे बुरशी, लागते. मी स्वतः यात एकदा फसलोय. दुकानात चकाचक दिसली म्हणून ५० एमएमची एक लेन्स घेतली. गणपतीत आरतीचे फोटो काढले, तर निरांजनाच्या ज्योतीभोवती सगळं धुरकट. घरी टॉर्च मारून पाहिलं, तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. दुकानदाराने ती परत घेतली नाही.

निकॉनने झेड आणि कॅननने आर ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची मालिका आणली २०१८ मध्ये. त्यानंतर बरेच हौशी लोक मिररलेसकडे वळले आणि त्यांचे आरशावाले डीएसएलआर विकायला निघाले. त्यामुळे नवशिक्याला आज जुना डीएसएलआर परवडतो. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून घ्या नाहीतर ओळखीतल्या कुणाकडून, पुढची तपासणी सोडू नका. दिवसाउजेडी जा. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड, एक वर्तमानपत्र आणि चार्ज केलेला मोबाइल असू द्या.

निघण्याआधी: लेन्स आणि बॉडीचं जमतं का?

निकॉनच्या डी३५००, डी५६०० यांसारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ५० एमएम एफ १.८ डी लेन्स यांवर बसते, फोटोही येतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. स्वस्तात मिळाली म्हणून ती घेणारे पुष्कळ जण नंतर हळहळतात. या बॉड्यांसाठी नावात एएफ-एस असलेली लेन्स बघा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर लेन्समध्येच असते. तिथे लक्षात ठेवायचं इतकंच, की ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या भागाच्या) डीएसएलआरवर चालत नाही.

दुकानात: पहिली पंधरा मिनिटं लेन्सला

लेन्स बॉडीतून काढा, दोन्ही झाकणं काढा. नावात जी असलेल्या निकॉनच्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चरची, म्हणजे उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी पाती अशा वेळी मिटलेली असतात. मागच्या कडेला एक बारीकशी पट्टी दिसेल, ती नखाने सरकवून धरली की पाती उघडतात. सोडल्यावर ती झटकन मिटायला हवीत. रेंगाळली तर पात्यांवर तेल आलंय असं समजा आणि लेन्स परत ठेवा. कॅननची पाती सुटी असताना उघडीच राहतात, त्यामुळे हा खटाटोप नाही.

आता मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका मारा आणि पुढून बघा. मग उलट करून बघा. सरळ समोरून मारलात तर नुसती चकाकी दिसेल, तिरप्या उजेडातच खरं काय ते कळतं. धुळीचे दोन-चार कण दिसणारच, त्यांनी फोटोत काही बिघडत नाही. जाळीसारखे किंवा फांद्या फुटल्यासारखे तंतू म्हणजे फंगस. काचेवर दुधाळ साय आल्यासारखं वाटलं तर तीही नको, कारण उजेडासमोरचे फोटो त्यात फिके पडतात. "साफ करून देतो" म्हणतील. पण फंगस काचेवरचं कोटिंग खाते, आणि खाल्लेलं कोटिंग पुसून परत येत नाही. लेन्सवरच्या स्क्रूंच्या खाचा बघा. ओरखडलेल्या असतील तर ती आधी कुणीतरी उघडलेली आहे.

मग बॉडी

अ‍ॅपर्चर एफ १६ वर नेऊन, फोकस मुद्दाम बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करा. काळपट ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. ती साफ होते, त्यामुळे घाबरू नका, पण भाव पाडायला ती उपयोगी पडते. ठिपका नव्हे, रेघ दिसली तर सेन्सरवर ओरखडा असू शकतो. असा कॅमेरा मी घेत नाही.

वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरपा कॅमेरा धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि मधल्या एका ओळीवर फोकस करा. एकदा व्ह्यूफाइंडरमधून, एकदा लाइव्ह व्ह्यूमधून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. व्ह्यूफाइंडरच्या फोटोत भलतीच ओळ स्पष्ट आली, तर फोकस पुढे-मागे सरकतोय. स्वस्त बॉड्यांत हे मेन्यूतून सुधारता येत नाही.

आता क्लिक. सुरुवातीच्या दर्जाच्या बऱ्याच बॉड्यांचं शटर कंपनीने १ लाखाच्या आसपास तपासलेलं असतं. म्हणजे १ लाखानंतर ते लगेच बंद पडतं असं नाही आणि ३० हजारांवर पडणारच नाही असंही नाही. निकॉनच्या प्रत्येक फोटोच्या आतल्या माहितीत हा आकडा नोंदलेला असतो, म्हणून काढलेला फोटो आपल्या कार्डावरच घरी न्या. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फोटोतून मिळत नाही.

शेवटी बॅटरी काढून टेबलावर ठेवा. फुगलेली असेल तर सपाट न बसता डुगडुगेल. बिल मागा, त्यावरचा सिरियल नंबर बॉडीच्या तळाशी ताडून बघा. बिल नसलेला कॅमेरा कितीही स्वस्त असला तरी मी घेत नाही, चोरीचा निघाला तर निस्तरायचं कुणी?

घरी आणल्यावर

कॅमेऱ्यासोबत मिळालेली बॅग प्रवासापुरती ठेवा. चामड्याच्या केसमध्ये किंवा कपड्यांच्या कपाटात ठेवलेली लेन्स पावसाळ्यात ओल धरते. डाळ-तांदळाचा असतो तसा मोठा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ६५-७० च्या वर फंगसला आयतंच रान मिळतं. नारिंगी सिलिका हिरवट झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवा, ती पुन्हा नारिंगी होते. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात टाका. माझ्याकडे जून ते सप्टेंबर हे दर पंधरवड्याला करावं लागतं, दिवाळीनंतर महिनोन् महिने लागत नाही.