जपानी घरात राहायला जाताना

जपानमध्ये होमस्टे ठरला की मुलं पहिल्यांदा विचारतात, बॅगेत काय भरू? बॅगेचं मी पुढे सांगते. त्याआधी आपली एक सवय सांगायला हवी, कारण माझा पहिला आठवडा त्या सवयीनं उपाशी घालवला.

मी पुण्यात जपानी शिकले आणि एका सत्रासाठी ओकायामाला गेले. पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलंय, ती बाग याच गावात आहे. यजमान घरी आई, बाबा आणि शाळकरी मुलगा. त्यांना ओकासान, ओतोसान म्हणायचं, म्हणजे आई, बाबाच. पहिल्या रात्री ओकासाननी विचारलं, अजून भात हवा का? मी म्हटलं, ‘दाइजोउबु देसु.’ आपल्याकडे पाहुणा आधी नको म्हणतो आणि वाढणारी आग्रह करते, तशी मी आग्रहाची वाट पाहत बसले. पण ‘दाइजोउबु’ म्हणजे ‘चालेल, ठीक आहे’, आणि वाढताना त्याचा अर्थ ‘नको’ असा घेतात. त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला आणि भांड्याला झाकण घातलं. सहाव्या दिवशी मी ‘ओकावारी, ओनेगाइ शिमास’ म्हणजे ‘अजून वाढा ना’ असं म्हटलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मला अजून आठवतो. भूक असेल तर हो म्हणा. थंडी वाजत असेल तर अजून एक पांघरूण मागा. हिवाळ्यात तिथे बऱ्याच घरांत एकच खोली गरम ठेवतात, त्यामुळे ती वेळ येणारच.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘मी शाकाहारी आहे’ म्हणून भागत नाही. तुम्हाला मांस चालत नाही एवढं त्यांना कळतं. पण मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) सूपचा, उकडलेल्या भाज्यांचा, नूडल्सच्या रश्शाचा पाया म्हणजे दाशी नावाचं उकळून काढलेलं चवीचं पाणी, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची असते, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पातळ कापांची. वाटीत मासा कुठे दिसत नाही, पण असतो. बाटलीत मिळणाऱ्या मेन्त्सुयुत, म्हणजे नूडल्सच्या तयार रश्शात, बहुतेक वेळा तो असतो. म्हणून हे वाक्य पाठ करा : ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. साकाना नो दाशी मो दामे देसु.’ मांस आणि मासे खात नाही, माशाची दाशीही चालत नाही. हे जाण्याआधी पत्रातच कळवा, कारण आयत्या वेळी कळलं तर त्या घराला अपराधी वाटतं. कोंबु या समुद्री शेवाळाची किंवा सुक्या शिताके अळंबीची दाशी छान होते. आमच्या ओकासान रात्रीच कोंबुचा तुकडा पाण्यात भिजत घालायच्या. रोज, माझ्या एकटीसाठी.

जेवताना चॉपस्टिक भातात उभ्या खोचायच्या नाहीत. मृताला ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. आपल्याला पिंडाचा भात माहीत आहे, त्यामुळे हे एकदा सांगून पुरतं. चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात.

अंघोळीबद्दल नीट वाचा. टबातलं ऊन पाणी सगळ्या घरासाठी एकच असतं. आधी बाहेर स्टुलावर बसून शॉवरखाली साबण लावून पूर्ण स्वच्छ व्हायचं, केस वर बांधायचे आणि मगच टबात फक्त शेकत बसायचं. साबण किंवा टॉवेल आत न्यायचा नाही. निघताना वर झाकण घालायचं. मी दुसऱ्याच रात्री बूच काढून पाणी सोडून दिलं आणि ओतोसानांची अंघोळ अजून व्हायची होती. कोणी एक शब्द बोललं नाही, टब पुन्हा भरला. त्या न बोलण्यानंच मला जास्त लागलं. पाहुण्याला पहिली पाळी देतात, ती घ्या, पण फार वेळ लावू नका. आमच्याकडे उरलेलं पाणी सकाळी कपड्यांच्या मशीनला जायचं.

घराबाहेर पडताना ‘इत्तेकिमास’ म्हणायचं. त्याचा अर्थ ‘जाऊन येते’. आपल्या आयाही ‘जाते म्हणू नकोस, येते म्हण’ असंच सांगतात, म्हणून हा शब्द मला पहिल्या दिवशी आपला वाटला. परत आल्यावर ‘तादाइमा’, म्हणजे ‘आले मी’. हे शब्द न म्हणता आत शिरलं तर घर खट्टू होतं. चपला दारातच काढून टोकं बाहेरच्या बाजूला वळवून ठेवा. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या तिथेच सोडा. तातामीच्या, म्हणजे जाड गवती चटयांच्या खोलीत सपाता घालायच्या नाहीत आणि बॅगेची चाकंही फिरवायची नाहीत.

जेवायला येणार नसाल तर दुपारीच लाइन या मेसेजिंग अ‍ॅपवर निरोप टाका. संध्याकाळी सहाला कळवलं तर तोवर तुमचा भात कुकरमध्ये पडलेला असतो.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा. प्लास्टिकची पेट बाटली विसळून, झाकण आणि लेबल वेगळं करून टाकायची.

आता बॅग. ताजा कढीपत्ता किंवा आंबे नेऊ नका, ताज्या पानांना आणि फळांना तपासणीचा दाखला लागतो. हिंग, हळद, मोहरी, गोडा मसाला न्या. भेट म्हणून मी शेंगदाण्याची चिक्की नेली होती, एकेक वडी वेगळी गुंडाळलेली, म्हणजे ओकासानना शेजारी वाटता आली. फोडणीची लोखंडी पळी मात्र वाया गेली. आमच्याकडे आयएच, म्हणजे इंडक्शनची शेगडी होती, तिला सपाट बुडाचंच भांडं लागतं. शेवटी लहान पॅनमध्ये फोडणी केली. आधी विचारून, पंखा लावून, खिडकी उघडून करा, वास बंद घरात दोन दिवस राहतो. तिकडचा चिकट तांदूळ वरणासोबत फार चांगला लागतो. ओतोसाननी तीनदा वाढून घेतला.

निघताना फुतोनच्या, म्हणजे जमिनीवर घालायच्या गादीच्या चादरी काढून घडी घाला आणि उशीवर हातानं लिहिलेलं पत्र ठेवा. जपानी चुकलं तरी जपानीतच लिहा. पुढे नवीन वर्षाचं कार्ड पाठवा. तिथे ते 1 जानेवारीला दारात पडावं अशी रीत आहे, म्हणून मी दर वर्षी दिवाळीचा फराळ आटोपला की ते लिहायला बसते.